नळाच्या पाण्यातून जिआर्डिया? जलशुद्धीकरण केंद्र परजीवी अडवतं की नाही?

मृण्मयी_टी

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझ्या मुलाचं (वय ६) पोट बरेच दिवस बिघडलेलं होतं, म्हणजे सारखे जुलाब असं नाही पण पोट फुगायचं, गॅस, शौचाला भयंकर वास आणि तेलकट, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी शौचाची तपासणी करायला लावली तर जिआर्डियाच्या सिस्ट निघाल्या. औषधाने आता बरा आहे. पण डॉक्टर म्हणाले पाणी उकळूनच द्या, आणि तिथून माझ्या डोक्यात हे घोळतंय. आमच्याकडे शहराचं पाणी येतं, जलशुद्धीकरण केंद्रातून आलेलं, कधीकधी क्लोरिनचा वास इतका येतो की चहासुद्धा नकोसा होतो. मग क्लोरिन असताना हा प्राणी जिवंत राहतो कसा? नवरा म्हणतो आपल्या खालच्या टाकीतनं आलं असणार, सासूबाई म्हणतात शाळेतलं पाणी. काल एक प्युरिफायरवाला येऊन टीडीएस मीटर ग्लासात बुडवून गेला आणि म्हणाला बघा मॅडम ३१०, म्हणून पोरगं आजारी पडलं. मला कुणीतरी नीट सांगा, सरकारी प्लांटमध्ये परजीवी निघतात की नाही, आणि निघत असतील तर किती?

रोखठोक

काही निघत नाही ताई. तुरटी टाकतात, वाळूतून सोडतात, क्लोरिन मारतात, ब्रिटिशांच्या काळापासून तेच चालूय. आरओ बसवा आणि मोकळ्या व्हा.

फिल्टरहाऊस

मृण्मयीताई, मी नोकरीची सगळी वर्षं एका जलशुद्धीकरण केंद्राच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून काढली, आता निवृत्त आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट आहे.

आधी टीडीएसचं मिटवून टाकू. तो मीटर पाण्यात विरघळलेले क्षार किती हे सांगतो, बस. ३१० हा आकडा तर आपल्या मानकाच्या ५०० च्या आतच आहे. गटाराचं पाणी मिसळलेला ग्लास आणि स्वच्छ ग्लास, दोन्हीचा टीडीएस सारखा येऊ शकतो. जिआर्डिया त्या मीटरला दिसत नाही. विक्रेत्याला दारातूनच परत पाठवा.

आता क्लोरिन. क्लोरिन किती आणि पाण्याशी किती वेळ संपर्क, या दोघांच्या गुणाकारावर आमचं सगळं गणित चालतं. ई. कोलाय, कॉलऱ्याचा जंतू वगैरे बॅक्टेरिया लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरिनमध्ये मिनिटभरात खलास. जिआर्डियाची सिस्ट म्हणजे कवच घातलेली अवस्था, तिला तेवढ्याच क्लोरिनमध्ये, पाणी २० अंशाचं आणि पीएच ७ असताना, ९९.९ टक्के मारायला साधारण तासभर लागतो. पाणी थंड असलं की आणखी जास्त. आणि क्रिप्टोस्पोरिडियम, थोडक्यात क्रिप्टो, म्हणून जो दुसरा परजीवी आहे त्याच्यासाठी ह्या गुणाकाराचा आकडा अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने दिलाय १५,३००. म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरिन ठेवलं तर १५,३०० मिनिटं, साडेदहा दिवस. इतके दिवस कुठल्या टाकीत पाणी थांबतं सांगा. म्हणजे क्रिप्टोपुरता क्लोरिन नसल्यातच जमा धरायचा. वास आला म्हणजे पाणी निर्धोक हे बॅक्टेरियासाठी बऱ्यापैकी खरं आहे, परजीवींसाठी नाही.

मग प्लांटमध्ये त्यांना अडवतं कोण? तर तुरटी आणि वाळू, दोघं मिळून. एकटं कुणी नाही. हे नीट सांगतो कारण रोखठोक यांनी ज्या तुरटी-वाळूला नावं ठेवली तीच खरी राखण आहे.

रॅपिड सँड फिल्टरमधल्या वाळूचा कण साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉनचा. जिआर्डियाची सिस्ट ८ ते १२ मायक्रॉन, क्रिप्टोची ४ ते ६. नुसत्या वाळूने त्यांना अडवणं म्हणजे खिडकीच्या गजांनी डास अडवण्यासारखं आहे. त्यात भर म्हणजे ह्या सिस्टवर ऋण भार असतो आणि वाळूच्या कणावरही ऋण भारच, त्यामुळे चिकटायचं सोडून एकमेकांना ढकलतात. तुरटी किंवा पीएसी (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, तुरटीचंच काम करणारं रसायन) घातली की तो भार जातो, माती, सिस्ट, शेवाळ सगळं एकमेकांना धरून गोळे बनतात, त्याला आम्ही फ्लॉक म्हणतो. बरेचसे गोळे क्लॅरिफ्लॉक्युलेटरमध्ये, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीत, तळाशी बसतात, उरलेले वाळूला चिकटतात. म्हणजे खेळ सगळा डोसचा. डोस चुकला तर प्लांट चालू आहे, पंप चालू आहेत, क्लोरिन जातोय, आणि सिस्ट वाळूतून आरामात पार होतायत.

त्यासाठी जार टेस्ट. सहा काचेची भांडी ओळीने, प्रत्येकात नदीचं कच्चं पाणी, प्रत्येकात तुरटीचा वेगळा डोस, वर पाती फिरतात. पहिलं मिनिट जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग बंद करून बसू द्यायचं. दिवा मागून लावला की दिसतं, एका भांड्यात नुसतं धुरकट, दुसऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट गोळे सावकाश खाली उतरतायत आणि मधलं पाणी लख्ख, तिसऱ्यात डोस जास्त झाल्यामुळे परत गढूळ. त्यातलं लख्ख भांडं निवडायचं आणि तो डोस प्लांटला लावायचा. जूनमध्ये पहिल्या पावसाचं लाल पाणी आलं की सकाळचा डोस दुपारी चालत नाही. ज्या प्लांटवर पावसाळ्यात जार टेस्ट रोज, गरज पडली तर दिवसातनं दोनतीनदा होते, तिथलं पाणी मी डोळे मिटून पिईन. जिथे "काल चाळीस होता, आजही चाळीस ठेव" असं चालतं तिथलं नाही.

मृण्मयी_टी

बापरे, इतकं कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद काका. पण आकड्यात सांगाल का? चांगला चालणारा प्लांट किती टक्के काढतो?

फिल्टरहाऊस

तुरटी, सेटलिंग, फिल्टर असा पूर्ण प्लांट नीट चालला तर क्रिप्टो आणि जिआर्डिया ९९ ते ९९.९ टक्के निघतात. आमच्या भाषेत टू लॉग ते थ्री लॉग. अमेरिकेत १९९८ च्या नियमात क्रिप्टोसाठी किमान ९९ टक्के बंधनकारक केलं, आणि २००६ च्या नियमानंतर ज्यांचं कच्चं पाणी जास्त खराब त्यांना वर आणखी काहीतरी लावायला लागतं, यूव्ही म्हणजे अतिनील किरण वगैरे.

पण टक्के ऐकून लगेच निर्धास्त होऊ नका, खाली काय उरतं ते वर किती आलं यावर आहे. समजा नदीच्या लिटरभर पाण्यात १० ऊसिस्ट (क्रिप्टोच्या सिस्टला असं म्हणतात) आहेत. ९९.९ टक्के गेल्या तर उरतं १०० लिटरला एक. ठीक आहे. पण वरच्या गावाचं सांडपाणी सोडलं आणि तेच १,००० झाले तर त्याच प्लांटमधून, तेवढाच चांगला चालत असताना, लिटरला एक बाहेर येईल. निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात ३० क्रिप्टो ऊसिस्ट पोटात गेल्यावरही लागण झालेली आहे, जिआर्डियाला तर दहाच्या आसपास पुरतात. म्हणून नदीत काय सोडतो हाही पाणी शुद्धीकरणाचाच भाग आहे, आणि तो आपल्याकडे पूर्ण दुर्लक्षित आहे, याचा मला मनापासून राग येतो.

विस्कॉन्सिनकर

चांगला धागा. मी अमेरिकेत मिलवॉकीत राहतो, इथे पाण्याचा विषय निघाला की जुने लोक १९९३ वर येतातच. इथली गोष्ट लिहितो कारण काका म्हणतायत ते सगळं तिच्यात आहे.

शहराला लेक मिशिगनचं पाणी, दोन प्लांट, उत्तरेचा आणि दक्षिणेचा. दक्षिणेचा हॉवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचा. मार्च १९९३ मध्ये बर्फ वितळलं, पाऊस झाला, तळ्यात घाण आली. दक्षिण प्लांटच्या शुद्ध केलेल्या पाण्याचा गढूळपणा जो आधी वर्षानुवर्षं ०.४ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर गेला नव्हता तो २८ आणि ३० मार्चला १.७ ला पोचला. क्लोरिन व्यवस्थित चालू होतं. बॅक्टेरियाच्या टेस्ट ठीक होत्या. पाणी त्या वेळच्या नियमात बसत होतं! आणि शहरात लोक धडाधड आजारी, शाळांत पोरं नाहीत, हॉस्पिटलमध्ये नर्स नाहीत, औषधाच्या दुकानांत जुलाबाची औषधं संपली. ७ एप्रिलला लॅबमध्ये क्रिप्टो सापडला, त्याच संध्याकाळी पाणी उकळून प्या असं जाहीर केलं आणि ९ तारखेला तो प्लांट बंद केला. अंदाजे ४,०३,००० लोक आजारी पडले. पन्नासहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक एड्सचे रुग्ण.

बरीच वर्षं लोक गुरांना दोष देत होते, पण नंतर जपून ठेवलेल्या नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली तर तो माणसात आढळणारा प्रकार निघाला, म्हणजे बोट सांडपाण्याकडे गेलं. त्यानंतर शहराने इनटेकचा, म्हणजे तळ्यातून पाणी घेणारा, पाइप आणखी आत नेला, फिल्टर सुधारले आणि ओझोन बसवला.

फिल्टरहाऊस

विस्कॉन्सिनकर, फार नेमकं लिहिलंत. त्यात एक गोष्ट जोडतो जी आम्हा केमिस्ट लोकांना विसरता येत नाही. त्या प्लांटने १९९२ च्या उत्तरार्धात तुरटी बंद करून पीएसी सुरू केलं होतं, आणि मार्चमध्ये असं पाणी आल्यावर त्यांना योग्य डोस सापडेना. एप्रिलच्या सुरुवातीला ते परत तुरटीवर आले पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पीएसी वाईट नाही हो, आपल्याकडेही आता पुष्कळ प्लांट तेच वापरतात. पण हाताला ओळख नसलेलं रसायन आणि अचानक बदललेलं पाणी एकाच वेळी समोर आलं तर ऑपरेटर काय करणार. शिवाय फिल्टर धुतलेलं बॅकवॉशचं पाणी ते परत सुरुवातीला सोडत होते. म्हणजे वाळूने अडवलेल्या सिस्ट एकवटून पुन्हा तोंडाशी. पाणी वाचवायला हे आपल्याकडेही होतं, ते आधी नीट बसू द्यायला पाहिजे.

कॅनडात नॉर्थ बॅटलफर्ड इथे २००१ मध्ये असंच. मार्चमध्ये दुरुस्तीसाठी क्लॅरिफायर रिकामा केला, परत भरल्यावर आतला फ्लॉकचा थर जमलाच नाही आणि तरी पाणी शहराला जात राहिलं. वर नदीत सांडपाणी प्लांटचं तोंड. ५,८०० ते ७,१०० लोक आजारी पडले असा अंदाज आहे.

रोखठोक

म्हणजे माझंच खरं झालं की. अमेरिकेत हे, कॅनडात हे, तर आपल्याकडे काय असेल. आणि आपल्याकडे तर क्रिप्टोची टेस्ट पण कुणी करत नाही. कशावर विश्वास ठेवायचा?

बालरोग_नाशिक

रोखठोक, तुमची काळजी समजते पण निष्कर्ष पटत नाही. या घटना ज्या दिवसांत फिल्टर नीट चालत नव्हता त्या दिवसांच्या आहेत. बाकीची वर्षं तीच वाळू काम करत होती.

डॉक्टर म्हणून एक सांगते. क्रिप्टो आपल्याकडे नाही असं अजिबात नाही. आफ्रिका आणि दक्षिण आशियात सात ठिकाणी, त्यात कोलकाताही होतं, लहान मुलांच्या जुलाबांचा मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वर्षाच्या आतल्या बाळांच्या मध्यम ते तीव्र जुलाबात रोटाव्हायरसच्या खालोखाल क्रिप्टो होता. पण नेहमीची शौच तपासणी लिहून दिली तर लॅबवाले क्रिप्टो बघत नाहीत, त्याला वेगळा स्टेन (नमुना रंगवायचा रंग) लागतो, तो सांगून मागवावा लागतो. म्हणून रिपोर्टमध्ये "काही आढळलं नाही" येतं. धडधाकट माणसाला तो एकदोन आठवडे त्रास देऊन आपोआप जातो, पण एचआयव्ही, किडनी ट्रान्सप्लांट, केमो चालू असलेले रुग्ण, कुपोषित मुलं, यांच्यात जीवावर बेततं. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी प्लांट कितीही चांगला असला तरी पाणी उकळायचंच, यात वाद नको.

मृण्मयी, अजून एक. जिआर्डिया पाण्यातूनच आला असं धरून चालू नकोस. या वयाच्या मुलांत शाळेत, पाळणाघरात हाताला हात लागून, डायपर बदलताना, न धुतलेल्या भाज्यांतून, खूप पसरतो. घरातल्या कुणाला त्रास असेल तर त्याचीही तपासणी करून घे, नाहीतर औषध संपलं की परत चालू.

फिल्टरहाऊस

डॉक्टरांशी सहमत. रोखठोक, टेस्टबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि नाहीही. आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००, २०१२ चं, त्यात १० लिटर पाण्यात क्रिप्टो आणि जिआर्डिया नसले पाहिजेत असं लिहिलेलं आहे. पण ती टेस्ट म्हणजे १० लिटर पाणी खास फिल्टरमधून गाळायचं, चुंबकी मणी लावून सिस्ट वेगळ्या करायच्या, मग चमकणाऱ्या रंगाखाली मायक्रोस्कोपने मोजायच्या. खर्चिक आणि वेळखाऊ, साध्या प्लांटच्या लॅबमध्ये रोज होणारी गोष्ट नाही. आणि झाली तरी उत्तर येईपर्यंत ते पाणी लोक पिऊन बसलेले असतात.

म्हणून जगभर गढूळपणा बघतात, एनटीयू. तो मिनिटामिनिटाला मोजता येतो. आपल्या मानकात १ एनटीयू ही स्वीकारार्ह मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. ही ५ ची सवलत मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेत महिन्याच्या ९५ टक्के नमुन्यांत ०.३ च्या आत लागतं. मिलवॉकीत १.७ ला काय झालं ते वर वाचलंतच, आणि इथे ५! पाण्याची बाटली भरून उजेडात धरली तर ५ एनटीयूचं पाणी बऱ्याच जणांना स्वच्छच वाटतं. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका.

अजून एक दाखवतो जे प्लांट बघायला येणाऱ्यांना मी नेहमी दाखवायचो. फिल्टर धुतला, म्हणजे खालून हवा आणि पाणी उलटं सोडून वाळू खळबळवली, की वरचं काळपट पाणी वाहून जातं आणि वाळू स्वच्छ दिसते. लोक म्हणतात आता हा सगळ्यात चांगला फिल्टर. उलट आहे. धुतल्यानंतरचा पहिला काही वेळ त्यातून सगळ्यात वाईट पाणी येतं, कारण वाळूवर फ्लॉकचा जो पातळ थर असतो तो गेलेला असतो. मीटरचा काटा त्या वेळात वर जातो आणि मग हळूहळू खाली बसतो. ते पहिलं पाणी शुद्ध टाकीत न सोडता वाया घालवायला हवं. पाणीटंचाईत कुणाचं मन होत नाही, पण परजीवी निसटतात ते बरेचदा ह्याच वेळात.

आबा_६८

वाचतोय. आमच्या लहानपणी परजीवी म्हणजे नारू. तुम्हा तरुण मंडळींनी नाव ऐकलंय की नाही माहीत नाही. पायातनं पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा, हात दोन हात लांब, काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा, तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणात. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं उतरायची, पाय पाण्यात, नारूची अंडी नाही म्हणत, पिल्लंच सुटायची पाण्यात, ती एका बारीक पाणकिड्याच्या पोटात जायची आणि तो किडा आपण पाण्याबरोबर प्यायचो. वर्षाने परत नारू.

त्याला ना औषध ना लस. फडक्याने पाणी गाळा, पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा आणि रहाट करा, हातपंप बसवा, पाण्यात औषध टाकून किडे मारा, एवढ्यावर गेला. आपलं महाराष्ट्र राज्य नारूच्या राज्यांपैकी एक होतं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त म्हणून जाहीर केला. आरोग्यसेवक गावोगाव गाळण्या वाटत फिरले. त्यांची नावं कुठे नाहीत, म्हणून इथे आठवण काढतो.

फिल्टरहाऊस

आबा, नमस्कार. तुमच्या काळच्या त्या पाणकिड्याला, सायक्लॉप्सला, फडकं पुरायचं कारण तो नीट बघितला तर डोळ्यांना दिसण्याएवढा असतो. जिआर्डिया त्याच्या शंभरावा हिस्सा. म्हणून आजही कुणी नळाला फडकं बांधून समाधान मानत असेल तर कृपया तसं करू नका. जंताची अंडी मोठी असतात, ४५ मायक्रॉनच्या पुढे, ती प्लांटच्या फिल्टरमध्ये सहज अडकतात. अमिबाच्या सिस्ट १० ते २० मायक्रॉन. सगळ्यात चिवट क्रिप्टोच.

जलसुरक्षक_सातारा

काका, तुम्ही प्लांटचं बोलताय, आमच्याकडे प्लांटच नाही. विहीर, पंप, टाकी, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे, पावडर मोजून टाकतो, ओटी टेस्टला (क्लोरिन आहे का बघायची) पिवळा रंग येतो, गावाला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड आहे. वर तुम्ही लिहिलंय क्लोरिनचा परजीवींवर उपयोग नाही, मग आम्ही काय करायचं? टीसीएल बंद करायची का?

फिल्टरहाऊस

अजिबात बंद करायची नाही दादा! कृपा करून तसा अर्थ कुणीच काढू नका. कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांच्या विरोधात क्लोरिनच गावाला वाचवतो, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम राहिलाच पाहिजे. तुमची नोंदवही नीट असेल तर तुम्ही मोठं काम करताय.

मी म्हणतोय ते एवढंच की पावडर हा एकच पहारा आहे, दुसरा नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिथल्या विहिरीकडे गेलं, कारण ते पाणी फिल्टर प्लांटमधून न जाता फक्त क्लोरिन टाकून लोकांना जात होतं. तिथे रुग्णांच्या नमुन्यांत मिळाला तो कॅम्पायलोबॅक्टर, म्हणजे क्लोरिनने मरणारा बॅक्टेरिया, आणि नोरोव्हायरस. फक्त क्लोरिनवर चालणाऱ्या स्रोतात बॅक्टेरियाचीच खात्री देता येत नसेल तर क्रिप्टोची काय देणार.

तुमच्या विहिरीला कठडा, भोवती सिमेंटचा उताराचा कट्टा, वरून झाकण, आणि जवळपास शोषखड्डा किंवा गोठा नाही, हे आधी बघा. पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं का? होत असेल तर वरचं पाणी थेट आत शिरतंय आणि तेव्हा गावाला उकळून प्यायला सांगायचं, दवंडी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. बारमाही स्वच्छ राहणारी विहीर असेल तर जमीनच तुमचा फिल्टर आहे.

जलसुरक्षक_सातारा

कठडा आहे, कट्टा एका बाजूने फुटलाय. पावसात दोनतीन दिवस गढूळ येतं. ग्रामसभेत मांडतो.

निखिल_डेव्हन

इंग्लंडमधून. मे २०२४ मध्ये आमच्या जवळ ब्रिक्सहॅमला क्रिप्टो आला, जवळपास १७,००० घरांना पाणी उकळून प्या असं सांगितलं होतं, काही भागाला कित्येक आठवडे. प्लांटमध्ये काही बिघडलं नव्हतं म्हणे, गुरांच्या शेतातल्या पाइपलाइनच्या एका खराब एअर व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं गेलं. म्हणजे प्लांट चांगला असूनही.

फिल्टरहाऊस

आपल्यासाठी हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे निखिल. तिकडे चोवीस तास पाइपात दाब असतो तरी हे झालं. आपल्याकडे दिवसातनं दोनचार तास पाणी. बाकी वेळ पाइप रिकामा, आणि शेजारून गटाराची लाइन. पाइपाला कुठे जोड सैल असेल तर रिकाम्या वेळात बाहेरचं आत ओढलं जातं. त्यात लोक नळाला थेट मोटार लावतात. मोटार पाणी ओढते तशी पाइपातल्या फटीतून गटारही ओढते, आणि ते शेजाऱ्याच्या घरात जातं. म्हणून प्लांटवर ०.३ एनटीयू असलं तरी चौथ्या गल्लीत काय असेल ते वेगळं.

मंगेश_पी

केरळमधल्या त्या मेंदू खाणाऱ्या अमिबाबद्दल काय? आई घाबरून आता गुळण्या पण उकळलेल्या पाण्याने करते.

बालरोग_नाशिक

नेग्लेरिया. तो पिऊन होत नाही, नाकातून आत गेला तरच. तळ्यात, विहिरीत, अस्वच्छ पोहण्याच्या तलावात नाकात पाणी जाऊ देऊ नका, आणि जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या. हा मात्र क्लोरिनने मरतो. गुळण्यांची भीती नको, आईला सांगा.

मृण्मयी_टी

मग घरी काय करू? आरओ घ्यायचा की नाही? उकळणं पुरतं का? सोपं सांगा कुणीतरी.

फिल्टरहाऊस

उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, जिआर्डिया, क्रिप्टो, अमिबा सगळे मरतात. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. मग झाकून गार करा आणि वरून ओघराळ्याने घ्या, हात बुडवू नका. उकळून ठेवलेल्या पाण्यात हात घालून ग्लास भरणं मी अनेक घरांत बघितलंय.

आरओचा पडदा परजीवी अडवतो, पण तुमच्या ३१० टीडीएसच्या पाण्याला आरओची गरज नाही, तो निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडतो. तुमच्यासाठी यूव्ही पुरेल, आधी बारीक फिल्टर असलेला. यूव्हीबद्दल सांगायचं म्हणजे, क्लोरिनला दाद न देणारा क्रिप्टो यूव्हीपुढे मात्र अगदी दुबळा, हे १९९८ च्या सुमारास कळलं आणि पाण्याच्या कामात मोठा बदल झाला. चौरस सेंटिमीटरला १२ मिलिज्यूल एवढ्या मात्रेत ९९.९ टक्के निकामी होतो. न्यूयॉर्कने २०१३ पासून कॅटस्किल आणि डेलावेअरच्या न गाळलेल्या पाण्यावर प्रचंड यूव्ही प्लांट चालवलाय, मुख्य कारण हेच. आपल्या मोठ्या शहरांनी पुढचा पैसा यूव्हीवर लावावा असं माझं ठाम मत आहे. फक्त घरच्या यूव्हीला दोन अटी, पाणी गढूळ नको कारण मातीच्या कणाआड सिस्ट लपते, आणि दिवा ठरलेल्या वेळी बदला. दिवा जुना झाला तरी निळा उजेड दिसत राहतो, मारण्याची ताकद मात्र गेलेली असते.

रोखठोक

काका, मान्य. आरओ बसवा हे मी सरसकट लिहिलं होतं, ते टीडीएस बघून ठरवायचं. पण प्लांटचा एनटीयू आम्हाला कळणार कसा? तो कुठे लिहिलेला नसतो.

फिल्टरहाऊस

मागायचा. पाणीपुरवठा विभागाला लेखी अर्ज, किंवा माहिती अधिकारात. "जुलै महिन्यातील फिल्टरनंतरच्या पाण्याचा रोजचा गढूळपणा, प्रत्येक फिल्टरचा वेगळा, आणि जार टेस्टची नोंदवही" असंच्या असं लिहा. नुसतं "पाण्याची गुणवत्ता" मागितली तर "पिण्यास योग्य" असा एका ओळीचा कागद येतो. प्रत्येक फिल्टरचा वेगळा का, तर दहातला एक फिल्टर खराब असला तरी एकत्र पाण्याच्या सरासरीत तो झाकला जातो. जुलैच का, तर प्लांटची परीक्षा पावसाळ्यातच होते, जानेवारीत सगळेच पास.

सोसायटी_सचिव

उशिरा आलो पण आमच्याकडे हाच वाद चालूय. आमची खालची टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर यांच्यात जेमतेम चारपाच फूट अंतर. टाकी साफ करतो वर्षातून दोनदा. बिल्डरने ओव्हरफ्लोचा पाइप थेट पावसाळी गटारात सोडलाय. काही लोकांना अधूनमधून पोटाचा त्रास होतो. आधी काय बघू?

फिल्टरहाऊस

ओव्हरफ्लोचा पाइप, आजच. जोराचा पाऊस आला आणि गटार तुंबलं की तेच पाणी त्या पाइपातून उलटं टाकीत येतं. तो कापून जमिनीच्या वर उघडा सोडा, तोंडाला बारीक जाळी. मग टाकीचं झाकण, ते जमिनीच्या पातळीला असेल तर भोवती सहा इंचाची कड बांधून घ्या. नंतर टाकी पूर्ण रिकामी करा आणि ड्रेनेजच्या बाजूची भिंत कोरडी होऊ द्या. तासा-दोन तासांत तिथे ओल परत आली तर चेंबर झिरपतंय, त्या भिंतीला आतून वॉटरप्रूफिंग आणि चेंबरची दुरुस्ती, दोन्ही करावं लागेल. आणि क्लोरिन टेस्टचं किट आणून दोन ठिकाणी बघा, टाकीत येणाऱ्या नळाला आणि टाकीतून वर जाणाऱ्या पाण्याला. येताना पिवळं आणि जाताना पांढरं असेल तर आधी टाकीचाच संशय धरा.

सोसायटी_सचिव

किट मागवलं. प्लंबर रविवारी येतोय, पाइप कापल्यावर फोटो टाकतो.